पी.पी. नंबरवरची मुलाखत

तुम्हाला सांगतो, फोनवर मुलाखत देणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! समोर साहेब नाही, साहेबाचा चष्मा नाही, चष्म्यावरून रोखलेले डोळे नाहीत. आजवर मी जितक्या मुलाखतींत आपटलो, त्या सगळ्या त्या डोळ्यांमुळे. प्रश्न आला की माझी वाचाच बसायची!

त्यामुळे एक्क्याण्णव सालच्या जानेवारीत वापीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीचं बोलावणं आलं, तेव्हा मी घरात उडीच मारली. चारोटी नाक्यावरच्या त्यांच्या ऑफिसात बसून दिवसभर फोनवर ट्रकांची खबर द्यायची-घ्यायची. कामच फोनवरचं, म्हणून मुलाखतही फोनवरच!

"ही हातची घालवू नकोस," बाबा म्हणाले. बाबा डहाणू रोड स्टेशनात बुकिंग क्लार्क. मार्चअखेर ते रिटायर होणार आणि रेल्वेचं क्वार्टर सोडावं लागणार. पुढे भाड्याची खोली घ्यायची, तर ती माझ्याच पगारावर.

आमच्याकडे फोन नव्हता. अर्जात समोरच्या जतीनभाईंच्या किराणा दुकानाचा नंबर दिला होता, पुढे 'पी.पी.' लिहून. अख्ख्या गल्लीचा पी.पी. नंबर तोच!

मी कंबर कसली. दुकानात फोनसमोरच्या डब्यांवर उत्तरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. तूरडाळीवर 'माझा परिचय', साखरेवर 'माझे गुण', पोह्यांवर 'माझं ध्येय'. राहता राहिल्या सोनूबाई. नरपडहून मासळीची पाटी घेऊन त्या दुकानासमोर बसायच्या आणि "बोंबील घ्या गोऽऽ" अशी हाक दिली की फलाटावरचे प्रवासी दचकायचे. मी हात जोडले.

"सोनूबाई, माझा फोन होईपर्यंत एक शब्दही नको!"

"तुझ्या नोकरीसाठी तोंड शिवून बसते रे पोरा," त्या म्हणाल्या आणि मुलाखतीच्या दिवशी खरंच तोंडात पदराचा बोळा कोंबून बसल्या.

मी टाय लावून हजर.

"अरे सुदर्शन, फोनमधे टाय कोण बघते?" जतीनभाईंनी विचारलं.

"आत्मविश्वास येतो, जतीनभाई!"

घंटी वाजली. मी मऊ, सुसंस्कृत आवाजात म्हणालो, "गुड मॉर्निंग, सर."

"हॅलो? काही ऐकू येत नाही! जोरात बोला!"

तूरडाळ बरी गेली. साखरही गेली. मग साहेबांनी विचारलं, "आयुष्यात ध्येय काय तुमचं?"

मी पोह्यांकडे पाहिलं. पोहेच नव्हते! डबा पार काउंटरच्या टोकाला, जतीनभाई गिऱ्हाइकाला पोहे तोलतायत आणि माझं ध्येय गिऱ्हाईक वाचतंय! मी जिवाच्या आकांताने डब्याकडे खुणा केल्या.

"तुला पण पोहे?" जतीनभाई म्हणाले. "किती देऊ?"

सगळं दुकान माझ्याकडे बघायला लागलं. साहेबाचे दोन डोळे टाळायला गेलो आणि इथे वीस डोळे! झालं, वाचा बसली.

"हॅलो? आहात का? मी ठेवतो!"

आता मात्र सोनूबाईंनी बोळा थुंकला आणि उठून माझ्या हातातला रिसीव्हर हिसकावला.

"ठेवू नका साहेब! पोरगा इथंच हाय!"

"आपण कोण?"

"मी सोनूबाई, नरपडची. पोरगा एकदम ताजा हाय, बर्फातला नाय! तुमच्यासाठी सकाळपासून गळ्यात दोरी बांधून उभा हाय!"

"मग तो बोलत का नाही?"

"बोलंल हो! तुम्ही घेऊन तर जा. नाय चालला तर परत करा, मी हितंच बसलीय!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी रिसीव्हर ओढला आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "सर! मी पाटीतला बोंबील नाही! मार्चमध्ये माझे बाबा रिटायर होतायत, मला नोकरी हवीय, आणि ती मी झोकून देऊन करीन!"

स्टेशनातून बाबा धावत आले, इतका आवाज!

"हां! आता ऐकू आलं," साहेब म्हणाले. "चारोटीला ट्रकांच्या गोंगाटात असाच घसा लागतो. सोमवारपासून या."

बाबांनी मला मिठीच मारली. जतीनभाईंनी सगळ्यांना गूळ वाटला. मी टाय सैल करतो न करतो, तोच साहेब म्हणाले, "पण सहा महिने प्रोबेशन."

"म्हणजे, सर?"

"म्हणजे त्या बाईंनी ठरवलंय तेच. नाही चाललात, तर त्यांच्याकडे परत!"

पुढचे सहा महिने मी रोज चारोटीची एसटी पकडायला दुकानावरून जायचो, आणि सोनूबाई रोज भर रस्त्यात हाक मारायच्या, "काय रे पोरा, अजून परत नाय ना केला?"