किसनमामांच्या रविवारच्या शिव्या

किसनमामा जखमेची पट्टी आधी बघत नाहीत, हुंगतात. डोळे मिटून, अत्तर पारखल्यासारखी. आमच्या वॉर्डात ते तीस वर्षं ड्रेसर आहेत. पायाच्या रक्तवाहिनीचं ऑपरेशन मी करतो, पण नंतर जांघेतली जखम त्यांची.

"जांघ म्हंजी बिनखिडकीची खोली, सायेब. ना वारा, ना ऊन."

म्हणून ते पेशंटच्या जांघेला घडी घातलेल्या पेपरानं वारा घालतात, आणि कुणी खाटेवर मांडी घातली की शहागंजच्या बाजारातल्या फेरीवाल्यासारखे ओरडतात, "मालक, टांग सीधी!"

लासूर स्टेशनचे नाना, धान्याचे अडते. तंबाखूनं पाय काळा पडत चाललेला. जांघेतून कृत्रिम नळी टाकून मी रक्त चालू केलं. सहाव्या दिवशी टाक्यांतून पाणी झिरपू लागलं. मामांनी पट्टी हुंगली.

"वास नाय अजून. पण तासाला भिजतीय. घरी नका धाडू."

मला खाट रिकामी हवी होती. सगळ्यांसमोर म्हणालो, "मामा, डॉक्टर कोण आहे इथं?"

"तुमीच की," ते म्हणाले आणि नवी पट्टी बांधायला वाकले.

नानांना मी त्याच दिवशी घरी सोडलं. बारा दिवसांनी ते परत आले तेव्हा जखमेत पू होता, आतली नळीही पिकलेली. ती काढली, तसं पायाचं रक्त पुन्हा बंद झालं. पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. मुलानं विचारलं, "असं कसं झालं?" मी कागद चाळत राहिलो. मामा म्हणाले, "पट्टी माझ्याकडून सैल बसली, मालक." मी कागद चाळतच होतो.

दोन वर्षं गेली. मग कळलं, मामा दर रविवारी एसटीनं लासूरला जातात.

"जखम तर केव्हाच भरली. आता कशाला जाता?"

"शिव्या खायला. नाना लई शिव्या देतात, मंग चहा देतात. घरी मला शिव्या द्यायलाबी कोण हाय?"

मागच्या रविवारी मी त्यांना गाडीत घेतलं. खरं सांगून टाकणार म्हटल्यावर ते कळवळले, "नका, सायेब. मंग मला कशाला बोलावतील?"

तरीही मी सांगितलं, मामा नको म्हणत असताना घरी मीच धाडलं होतं. नानांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मामांवर खेकसले, "म्हंजी दोन वर्षं खोटं बोलून चहा पेलास व्हय रे? बस खाली, लबाडा. सूनबाई, याला चहा टाका."

मला कुणी बस म्हणालं नाही.