फुलाची स्थळप्रत

"अहो, फ्रिजमधल्या डब्यात ही ओली वाळू कुणाची?"

काकूंचा आवाज आला तेव्हा फाइलकाका वर्तमानपत्राआड दडले होते. "बी आहे त्यात. रानॲस्टरचं. दीड महिना गारठ्यात ठेवलं की उगवतं म्हणे."

"आता हे रानॲस्टर काय असतं?"

"जांभळ्या पाकळ्या, मधे पिवळं. पाण्याच्या टाकीमागच्या उतारावर दिसलं मला. बहुतेक तेच आहे."

या 'बहुतेक'पायी पुढचं सगळं रामायण घडलं. काका तेहतीस वर्षं कचेरीत रेकॉर्डकीपर होते. नाव नसलेला कागद त्यांनी कधी कपाटात ठेवला नव्हता, मग नाव नसलेलं झाड घरात कसं ठेवणार? त्यात गॅलरीत उन्हाचा कोपरा एकच, आणि तिथे काकूंचा कपडे वाळत घालायचा स्टँड. काकूंनी निकाल दिला, "फुलापर्यंत मुदत. ॲस्टर ठरलं तर कोपरा त्याचा. तण ठरलं तर थेट कचऱ्यात."

वाळूतून नऊ रोपं वर आली. काकांना अस्मान ठेंगणं झालं. त्यांनी लगेच ओळखीतल्या बॉटनीच्या निवृत्त बाईंना फोन लावला.

"नमुना पाठवा, मुळासकट," बाई म्हणाल्या.

कुठल्या अवस्थेतला, ते बाईंनी सांगितलं नाही आणि काकांनी विचारलं नाही. कचेरीचा नियम त्यांना तोंडपाठ होता. मूळ प्रत बाईंना, स्थळप्रत आपल्या फायलीत, आणि टपालात काही गहाळ झालंच तर एक जादा. चार पानं फुटताच त्यांनी तीन रोपं उपटली, रद्दीत दाबून वाळवली, वर तारीख घातली. रोपं वीतभर झाली तेव्हा आणखी तीन गेली.

"अहो, झाड वाढवताय की फाइल?"

"प्रत्येक टप्प्याची नोंद नको? उद्या कुणी पुरावा मागितला तर?"

"कोण मेला मागतोय!"

रोपं गुडघ्याला लागल्यावर काका पुन्हा सरसावले. दोन उपटून झाली आणि तिसऱ्याला हात घालताच काकूंनी मनगट धरलं. "एक तरी राहू द्या हो. स्थळप्रत समजा."

नमुने पाठवल्यावर आठवड्याने बाईंचा फोन आला. "पानांवरून काही कळत नाही हो यात. अशी पानं पन्नास झाडांना असतात. फूल लागेल मला."

"मग ती आठ रोपं?"

"वाळवलीत मात्र सुरेख!"

काकांनी कपाळाला हात लावला. उरलेलं रोप किडकिडीत होतं. स्टँड सावलीत गेल्यामुळे टॉवेल दमट राहायचे. काकू रोज त्या रोपाच्या नावाने बोटं मोडायच्या आणि बोटं मोडता मोडताच कुंडी उन्हाकडे वळवून ठेवायच्या. एके दिवशी काका बाहेरून आले तर त्या दारातच उभ्या होत्या.

"कळी आलीय," त्या हळूच म्हणाल्या. एकच होती.

फूल उमललं तेव्हा बाई जातीने आल्या. भिंग लावून त्यांनी फूल खालून, वरून, बाजूने पाहिलं. "ॲस्टरच वाटतंय. पण वाटून काय उपयोग? खात्री हवी तर हे तोडून उभं चिरावं लागेल."

काकांनी तत्परतेने फाइल उघडली. नावाचा रकाना वर्षभर कोरा होता, तो एकदाचा भरणार म्हणून त्यांनी पेनाचं टोपणही काढलं. बाईंनी पर्समधून ब्लेड काढलं.

"खबरदार!" काकू कुंडीपुढे येऊन उभ्या राहिल्या.

"अगं, पण खात्री नको? तूच म्हणालीस, तण निघालं तर कचऱ्यात!"

"म्हटलं असेन. लग्नाआधी तुम्हांला काय मी उभं चिरून बघितलं होतं? पदरी पडलं, पवित्र झालं!"

बाईंना हसू आवरेना. त्यांनी ब्लेड ठेवून दिलं आणि चहा मागितला. काका मात्र कोऱ्या रकान्यावर पेन धरून तसेच उभे. त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं.

"मग इथे लिहू काय मी?"

"लिहा," काकू म्हणाल्या, "जिवंत आहे."

काकांनी तारखेसह तसं लिहिलं, आणि खाली काकूंची सही घेतली.