ऑस्वल्ड तुस्कानोंचा व्हिला

ऑस्वल्डने "या" म्हटलं होतं, हे खरं. पण म्हणून कोणी खरंच येतं का?

जसिंताने मोबाइल पुन्हा त्याच्या नाकासमोर धरला. "सोळा डिसेंबर. आठ दिवस. तिकिटांचा फोटोसुद्धा पाठवलाय."

"अगं, निघताना माणूस असं म्हणतोच. वसईत मी किती जणांना दोह्याला या म्हणून सांगितलंय. आला कोणी आजवर?"

"वसईवाल्यांना कळतं ते. स्पेनवाल्यांना कोण सांगणार?"

दोष स्पेनवाल्यांचा नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. जुलैमध्ये तुस्कानो कुटुंब, म्हणजे ऑस्वल्ड, जसिंता आणि तेरा वर्षांची क्रिस्टी, स्पेनच्या एका खेड्यात नऊ दिवस राहून आलं होतं. घर होतं बासिलिओ आणि एन्कार्ना या म्हाताऱ्या जोडप्याचं. भाड्याने घेतली होती एक छोटी खोली. पण पोरगी जमिनीवर झोपणार हे कळताच एन्कार्नाने आपली स्वतःची मोठी खोली यांना देऊन टाकली आणि नवराबायको नऊ रात्री बाहेर सोफ्यावर झोपले. वर गावच्या जत्रेत देवमातेची पालखी निघाली, तेव्हा एक खांदा ऑस्वल्डला दिला. निघताना एन्कार्नाने ऑलिव्हच्या बरण्या बॅगेत कोंबल्या आणि ऑस्वल्डचा ऊर भरून आला. आणि वसईच्या माणसाचा ऊर एकदा भरून आला की जीभ त्याच्या ताब्यात राहत नाही.

"आता तुम्ही आमच्याकडे यायचं," तो म्हणाला होता. "महिनाभर राहा. आमचा व्हिला आहे." आणि त्याने मोबाइलवर फोटो दाखवला होता. मोठं फाटक, बोगनवेल, मागे दुमजली पांढरा व्हिला, पुढे शाळेच्या गणवेशात क्रिस्टी.

फोटो खोटा नव्हता. दोह्याच्या अबू हमूर भागातला तो व्हिला खराच होता आणि तुस्कानो त्यातच राहत होते. फक्त त्या एका व्हिल्याचे पाच पोर्शन पाडलेले होते आणि तुस्कानोंच्या वाट्याला दोन खोल्या आणि एक मोरीएवढं स्वयंपाकघर आलं होतं. व्हिल्याचा मूळ जिना यांच्याच हॉलमधून वर जायचा. मालकाने पोर्शन पाडताना चौथ्या पायरीवर जिप्समची भिंत घातली होती. त्यामुळे तीन पायऱ्या हॉलमध्ये शिल्लक होत्या, आणि त्यांवर जसिंता चपला ठेवायची.

"हॉटेल बुक करू," ऑस्वल्ड म्हणाला.

"त्या बाईने स्वतःची खाट दिली होती आपल्याला. तिला मी हॉटेलात पाठवणार नाही. आणि खोटंही बोलणार नाही."

"खोटं कोण बोलतंय? व्हिला आहे. आपण व्हिल्यात राहतो. याच्या पुढे काही सांगायचं नाही. खलास."

ऑस्वल्ड हमद पोर्टवर एका शिपिंग कंपनीत कागदपत्रं बघायचा. कागद नीट असले की कंटेनर उघडून बघायला कोणी येत नाही, हा त्याचा सतरा वर्षांचा अनुभव होता आणि त्याच बळावर तो निर्धास्त होता. पुढच्या पोर्शनमधला श्रेयस बहिणीच्या लग्नासाठी पंधरा दिवस साताऱ्याला जाणार होता. त्याची किल्ली मिळाली. त्याचा पोर्शन म्हणजे व्हिल्याचा मूळ दिवाणखाना, छताला झुंबरसुद्धा होतं. पाहुण्यांची सोय झाली. ऑस्वल्डने स्वतःची पाठ थोपटून घेतली.

पाहुणे आले, श्रेयसच्या झुंबराखाली स्थिरावले आणि जेवायला तुस्कानोंच्या हॉलमध्ये आले. बासिलिओने जन्मभर सुतारकाम केलं होतं, त्यातली बारा वर्षं आयर्लंडमध्ये. त्यामुळे त्याला इंग्रजी येत होतं आणि, काय सांगावं, भिंतींतलंही सगळं कळत होतं. तो त्या तीन पायऱ्यांसमोर उभा राहिला. भिंतीवर बोटाने टकटक केली.

"ही मागून घातलेली आहे," तो म्हणाला. "आणि घाईत. जिना कोणी बंद केला?"

"आम्हीच. एसीची हवा वर जायची," ऑस्वल्ड म्हणाला.

तेवढ्यात वर कोणीतरी खुर्ची सरकवली.

"वर कोण राहतं?"

ऑस्वल्डने याचं उत्तर तयार ठेवलं नव्हतं. "माझी बहीण," तो म्हणाला. "थोरली."

जसिंताच्या हातातला डाव जागीच थांबला.

एन्कार्नाचा चेहरा मात्र फुलला. बहीण याच घरात राहते? मग ती जेवायला का नाही? तिला भेटायलाच हवं. उद्या सकाळीच.

वर राहायच्या त्या ताहेरुन्निसा. वय पासष्ट. परभणीच्या शाळेत तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, आता मुलाकडे असायच्या. मुलगा पहाटे साइटवर जायचा तो रात्रीच यायचा. दिवसभर त्या एकट्या. पाच वर्षांत ऑस्वल्ड-जसिंताशी त्यांचा संबंध म्हणजे बाहेरच्या लोखंडी जिन्यावर दिसल्या की "बरं आहे ना, मावशी?" इतकाच. ऑस्वल्ड त्याच रात्री जेवण होताच वर गेला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून मोकळा झाला.

ताहेरुन्निसांनी चष्मा पुसला. "बहीण. म्हंजे मीबी ख्रिस्ती?"

"नाही, तुम्ही... लग्न करून धर्म बदललात असं समजा. तुम्ही फक्त हो म्हणा, मावशी. हसायचं आणि चहा द्यायचा."

"कच्ची गोष्ट इन्स्पेक्शनला टिकत नसते," त्या म्हणाल्या. "तू जा. बघते मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी एन्कार्ना आणि बासिलिओ वर गेले. सोबत क्रिस्टी, कारण वर मुलाने ठेवलेली चॉकलेटं असतात हे तिला ठाऊक होतं. अकराला गेलेली मंडळी दीडला उतरली. एन्कार्नाचे डोळे सुजलेले. तिने ऑस्वल्डकडे पाहिलंसुद्धा नाही. बासिलिओने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला, आणि मान हलवत निघून गेला.

"काय झालं वर?" ऑस्वल्डने क्रिस्टीला बाजूला घेतलं.

"डॅड," क्रिस्टी म्हणाली, "यू आर द व्हिलन."

मग तिने सांगितलं ते असं. ताहेरुन्निसा म्हणजे तुस्कानोंची लाडकी लेक. तिशी उलटल्यावर ती एका एसटी कंडक्टरच्या प्रेमात पडली. बाप कसाबसा तयार झाला होता, पण हा धाकटा भाऊ आडवा आला. दारात उभा राहून म्हणाला, तू मला मेलीस. बाप गेला तेव्हा तोंडसुद्धा बघू दिलं नाही. पुढे कंडक्टर वारला, तेव्हा लोकलाजेस्तव भावाने तिला व्हिल्याचा वरचा मजला दिला. पण जिन्यात तिचं तोंड दिसू नये म्हणून रातोरात मधे भिंत घातली.

ऑस्वल्ड लोखंडी जिना एका दमात चढून गेला.

"मावशी, मी फक्त बहीण म्हणालो होतो!"

"बस आधी. दमलास." ताहेरुन्निसा भाजी निवडत होत्या. "तो सुतार आला तो पहिलं भिंतीचंच विचारायला लागला. एसीच्या हवेसाठी कुणी बहिणीचा जिना बंद करतं का? तू बहीण दिलीस, भिंतीचं कारण कोण देणार? मी दिलं."

"पण मला कशाला वाईट केलंत?"

"बहीणभावात भिंत असली की दोघांतलं एक वाईट असणारच की. मी तर नाही."

"आणि तो कंडक्टर कुठून आणलात?"

ताहेरुन्निसांनी हातातली जुडी खाली ठेवली. "आमचं लग्न आत्याच्या पोराशी झालं. निकाह झाल्यावर पहिल्यांदा पाहिलं त्यांना. माणूस चांगला होता. पण सांगण्यासारखं काही घडलंच नाही बघ. काल रात्री बसून जुळवलं. लई बरं वाटलं."

ऑस्वल्ड खाली आला.

त्या दिवशी दुपारी जसिंताने वसईच्या बाटली मसाल्यातलं मटण केलं होतं. हॉस्पिटलमधली ड्यूटी बदलून घेऊन, पहाटे उठून केलेलं. फुगे, म्हणजे मैद्याचे गोल वडे, तळून टोपली भरली होती. एन्कार्ना टेबलाशी बसली, ताट समोर घेतलं आणि हाताने दूर सरकवलं. ती काहीतरी बोलली. बासिलिओने खाली मान घालून भाषांतर केलं.

"ती म्हणते, ज्या घरात बहिणीला ताट नाही, त्या घरात ती जेवणार नाही."

संध्याकाळीही जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काळी कॉफी घेतली, बस्स. बासिलिओने दोन फुगे खाल्ले, तेही बायकोची पाठ असताना. तुस्कानोंच्या घरातून पाहुणा उपाशी राहिल्याचं सात पिढ्यांत कोणी ऐकलं नव्हतं. जसिंता स्वयंपाकघरात पदराने, म्हणजे आपलं ते ॲप्रनने, डोळे पुसत होती.

"नऊ दिवस त्यांनी आपल्याला तळहातावर झेललं, ऑस्वल्ड. आणि आपल्या घरात ती बाई उपाशी. तू खरं सांगून टाक. व्हिला गेला खड्ड्यात."

"सांगतो," ऑस्वल्ड म्हणाला.

दुपारी तो टेबलाशी उभा राहिला आणि सांगितलं. की हा व्हिला आपला नाही. आपण पाचांतले एक भाडेकरू. तुम्ही झोपता ती खोली श्रेयसची. भिंत मालकाने घातली. वरची बाई आपली कोणी लागत नाही, तीही भाडेकरूच. तुमच्यासमोर लहान दिसू नये म्हणून सगळं केलं, माफ करा. सतरा वर्षांत त्याने इतकं खरं एका दमात कधी सांगितलं नव्हतं.

बासिलिओने एकेक वाक्य भाषांतर करून सांगितलं. एन्कार्ना ऐकत होती आणि तिचा चेहरा कठोर होत होता.

"ती म्हणते," बासिलिओ शेवटी म्हणाला, "माणूस बहिणीला वाटा द्यावा लागू नये म्हणून आपलं घरसुद्धा नाकारतो, हे तिने आजवर पाहिलं नव्हतं."

"अहो, पण खरंच..."

"तुमच्या बहिणीने काल सांगितलंच होतं. म्हणाली, त्याला विचाराल तर तो म्हणेल, ही फक्त भाडेकरू आहे."

"ती भाडेकरूच आहे," जसिंता म्हणाली.

एन्कार्नाने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जसिंता फुग्यांची टोपली नीट करू लागली. क्रिस्टीने "डोंट आस्क मी" म्हणून फुगा तोंडात घातला.

"यल्ला, चला, त्यांनाच बोलावू," ऑस्वल्ड म्हणाला आणि वर जाऊन ताहेरुन्निसांना घेऊन आला. जिना उतरताना त्याने हात जोडले. "मावशी, गोष्ट फार छान होती. पण आता खरं सांगा. बाई दीड दिवस उपाशी आहे."

"दीड दिवस?" ताहेरुन्निसांचा चेहरा पडला. "हे मला कामून नाही सांगितलं?"

त्या आत आल्या. पाच वर्षांत पहिल्यांदाच. त्यांनी तीन पायऱ्यांकडे पाहिलं, टेबलाकडे, मांडलेल्या ताटांकडे. मग शाळेत शिकवावं तशा स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, "हा खरं बोलतोय. मी त्याची कोणी नाही. या घरात माझं कोणी नाही. दिवसभर मी वर एकटीच असते."

एवढंच. कंडक्टर नाही, काही नाही. पण शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज जरा बसला, आणि ते कुणाच्या नजरेतून सुटलं नाही. एन्कार्ना हुंदके देऊन रडू लागली. बासिलिओने भाषांतर केलंच नव्हतं, करायची गरज नव्हती.

ऑस्वल्ड उभाच होता. आपल्या डोक्यावर ही बाई पाच वर्षं खुर्ची सरकवत बसते आणि आपण "बरं आहे ना" म्हणून उत्तर न ऐकताच गाडी काढतो, हे त्याला त्या क्षणी कळलं आणि त्याला मनापासून लाज वाटली. त्याने स्वतःची खुर्ची मागे ओढली.

"ताई," तो म्हणाला, "बसा. जेवून घ्या आमच्याबरोबर."

ताहेरुन्निसांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. एन्कार्नाने टाळ्या वाजवल्या, दोघांना चार-चार मुके दिले आणि ताट ओढून घेतलं. दीड दिवसाचं मटण तिने एका बैठकीत वसूल केलं. ऑस्वल्डच्या पाठीवर थाप मारून ती काहीतरी म्हणाली. बासिलिओने सांगितलं, "ती म्हणते, तू शेवटी मोठ्या मनाचा निघालास."

जेवणानंतर मोरीत हात धुताना ताहेरुन्निसा हळूच म्हणाल्या, "चांगली वठवलीस की."

"ॲक्टिंगच केली," ऑस्वल्ड म्हणाला.

"हां? मग डोळे पुसून घे. पोरगी बघायली."

पाहुणे चोवीस तारखेला गेले. व्हिल्याचा मालक, श्रेयसची खोली, यातलं काहीच त्यांनी शेवटपर्यंत मानलं नाही. फाटकाशी उभं राहून व्हिल्याचा फोटो मात्र काढून घेतला. ऑस्वल्ड विमानतळावरून परतला तो हाश्श करून सोफ्यावर पडला.

दुसऱ्या दिवशी नाताळ. दुपारी जसिंताने टेबल मांडलं आणि ऑस्वल्डने ताटं पाहिली. चार.

"पाहुणे गेले ना काल?"

"पाहुण्यांचं नाही. तुझ्या बहिणीचं आहे."

"आज ठीक आहे. पण हे किती दिवस चालायचं?"

"बहिणीच्या बाबतीत असं विचारतात?" जसिंता म्हणाली आणि भात आणायला गेली.

बाहेर लोखंडी जिन्यावर सपाता वाजल्या. वरून तिसरी पायरी हलते हे आठवून ऑस्वल्ड उठला आणि हात द्यायला बाहेर गेला.