खालचा अर्धा

साहेब आज निवृत्त होणार होते आणि धांदलरावांचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. कारण निरोपाचं भाषण त्यांनीच लिहून संध्याकाळच्या समारंभात वाचायचं होतं, आणि आपल्या खुर्चीत पुढे कोण बसणार याची शिफारस साहेब आज करून जाणार होते.

त्यांनी फाइल उघडून स्क्रीनचे दोन भाग केले होते. वरच्या अर्ध्यात भाषण: 'साहेब म्हणजे शिस्तीचा मेरुमणी.' एवढं खोटं लिहिलं की त्यांना मळमळायचं. मग खालच्या अर्ध्यात खरं लिहून ते पोट हलकं करायचे: 'साहेब उगवतात जेवणाच्या सुट्टीआधी.'

"ताई, हे दोन भाग फार चिकटून आहेत हो," ते शेजारच्या ऑपरेटरताईंना म्हणाले. "खालचं चुकून वर गेलं तर माझं वाटोळंच!"

"मग वेगळ्या खिडक्या करा की." ताईंनी एक टिचकी मारली. दोन भागांच्या दोन खिडक्या झाल्या.

भांडकुदळ भावांची वाटणी झाल्यासारखं धांदलरावांना हायसं वाटलं. भाषणाच्या खिडकीतून त्यांनी फाइल लगेच साहेबांना मंजुरीसाठी पाठवली. मग पुरावा नको म्हणून दुसऱ्या खिडकीतलं सगळं पुसलं.

भाषणही गायब!

"ताई! इथलं पुसलं तर तिथलं का गेलं?"

"अहो, फाइल एकच ना! खिडक्या दोन काढल्या म्हणून घरं दोन होतात का?"

"म्हणजे साहेबांना मी पाठवलं ते..."

"अख्खं घर. मोरीसकट."

धांदलराव केबिनपर्यंत गेले, परत आले, पाणी प्यायले, पुन्हा गेले.

"साहेब काहीतरी वाचतायत," शिपाई म्हणाला. "मधेच हसतात, मधेच दातओठ खातात."

"जास्त काय करतात?"

"मी काय मोजत बसलोय?"

थोड्या वेळाने फाइल परत आली. वरच्या भाषणाला साहेबांनी हातही लावला नव्हता. खाली मात्र 'सुट्टीआधी' खोडून 'सुट्टीनंतर' केलं होतं. शेवटी लिहिलं होतं: 'तपशील अचूक हवा. आमच्या साहेबांबद्दल मीही लिहायचो, कागदाच्या पाठीमागे. तुमची शिफारस केली आहे. संध्याकाळी वाचताना तेवढं वरचंच वाचा.'

"ताई, उद्यापासून मी साहेब!" धांदलराव ओरडलेच.

"अय्या, अभिनंदन हं, साहेब!" असं म्हणत ताईंनी आपली स्क्रीन हळूच पलीकडे वळवली आणि एक नवी, अगदी वेगळी फाइल उघडली.