डल्सीबाईंच्या ऑर्गनमधले पाहुणे

डल्सीबाईंनी पट्टीवर बोट ठेवलं आणि बिशपसाहेबांच्या देखत ऑर्गनमधून सुराऐवजी नुसतं ‘फुस्स’ निघालं.

त्यांनी जरा जोरात दाबलं. सगळ्यांत उंच नळीतून तपकिरी धूर निघाला. धुराला पंख होते.

"बोगाँग पतंग!" मागच्या बाकावरून आंटी मर्ल म्हणाल्या, जणू माहेरचं माणूस दारात दिसावं.

डल्सीबाईंचा एकतीस वर्षांचा नेम होता: रविवारी देवापुढे ऑर्गन वाजवल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. पुरात मोडला नव्हता, बाळंतपणात मोडला नव्हता. आणि आज बिशप पहिल्यांदा बेरिंगल गावात आले होते! त्यांना देऊळ लांबून दिसावं म्हणून डल्सीबाईंनीच हट्टानं मनोऱ्यावर मोठा दिवा लावून घेतला होता, तीन रात्री अखंड. वसंतात मैदानातून डोंगराकडे निघालेल्या पतंगांना तो दिसला, आणि उजाडताच त्यांनी जवळची अंधारी फट गाठली.

डल्सीबाईंचे यजमान क्लॅरी व्हॅक्यूम क्लीनर घेऊन धावत आले. "पाच मिनिटांत साफ करतो बघ."

"कर की," आंटी मर्ल म्हणाल्या. "मग वर डोंगरात बर्फाखालच्या झोपेतून उठलेल्या इवल्या पोसम प्राण्यांच्या पिल्लांना तूच दूध पाज."

"एवढ्याशा किड्यावाचून अडतंय होय त्यांचं?"

"त्याच्या चरबीवर अख्खा डोंगर जगतो, बाळा. मुठीएवढे पोसम, पाखरं, सगळे. आम्हा आदिवासींची जुनी माणसंसुद्धा उन्हाळ्यात वर जाऊन हेच भाजून खायची. मैदानातलं अन्न पोटात घालून शेकडो मैल उडत येतात बिचारे."

आंटींनी ऑर्गनची मागची फळी अलगद सरकवली. आत कौलं रचावीत तसे हजारो पतंग एकमेकांवर पंख टेकून निजले होते. डल्सीबाई वाकून बघत राहिल्या.

"दरवर्षी येतात?" त्यांनी हळूच विचारलं. "न चुकता?"

"नेम आहे त्यांचा. तुझ्यापेक्षा जरा जुना."

डल्सीबाईंनी ऑर्गनचं झाकण लावलं.

"मग स्तोत्र म्हणायचं कसं?" बिशप गडबडले.

"तोंडानं, साहेब."

सगळे गायले. एकतीस वर्षं ऑर्गनखाली दडलेला क्लॅरींचा आवाज त्या दिवशी गावानं प्रथम ऐकला, आणि ऑर्गनचे उपकार सर्वांना कळले.

दुपारी मंडळींनी लॅमिंग्टन केक खाल्ले. डल्सीबाईंनी फक्त पाणी घेतलं. सूर्य कलताच त्यांनी स्वतःच्या हातानं मनोऱ्यावरच्या दिव्याची तार काढली.

अंधारू लागलं तशी ऑर्गनमध्ये कुजबूज सुरू झाली. मग नळ्यानळ्यांतून पतंग निघाले, दारातून, खिडक्यांतून, डोंगराच्या दिशेनं. बिशपांनी टोपी काढली. एवढं मोठं काही इतक्या हलक्या पावलांनी जाताना डल्सीबाईंनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी हात जोडले.

शेवटी त्या ऑर्गनपाशी जाऊन बसल्या. रविवार अजून सरला नव्हता. सगळे सूर लागले. फक्त खर्जातला एक गप्प.

"डल्सी, झालं ना? खा आता," क्लॅरींनी बशी पुढे केली.

"थांब. एकजण झोपलाय."

पुन्हा बोट ठेवलं. ‘फुस्स.’ एक गुबगुबीत पतंग बाहेर आला आणि थेट लॅमिंग्टनवर बसला.

मागोमाग तो सूर घुमला. डल्सीबाईंनी पतंगाला जराही न हलवता केकची दुसरी बाजू मोडून घेतली, आणि उपास सोडला.