गंगाधररावांचा हिवाळा

गंगाधरराव कुणाच्याही घरी गेले तरी दारावर थाप मारत नसत. सदऱ्याच्या खिशातून वीतभर हातोडी काढून ते कडीवर एक ठोका देत, कान लावत, आणि आतून कुणी दार उघडण्याआधीच निकाल सांगत.

"गंजानं आतून खाल्लंय."

दार उघडणाऱ्याला त्यांचं हे पहिलं वाक्य ऐकावं लागे. बसा, पाणी घ्या वगैरे नंतर.

पूर्णा जंक्शनवर त्यांची सगळी नोकरी गाड्या तपासण्यात गेली. गाडी थांबली की चाकांवर हातोडी मारत टोकापर्यंत जायचं आणि आवाजावरून तडा ओळखायचा. निवृत्त झाल्यावर चाकं राहिली नाहीत, ऐकायची सवय राहिली. मग ते सायकली ऐकू लागले, फाटकं ऐकू लागले. आमच्या शेजारच्या मास्तरांच्या गच्चीवरची पाण्याची टाकी त्यांनी एकदा ठोकून पाहिली आणि काही न बोलता खाली उतरले. मास्तरांनी त्या बाजूने जाणं सोडलं. मी पूर्णा सोडली तोवर टाकी जागेवर होती, पण तिच्याखाली कुणी कपडे वाळत घालत नव्हतं.

बोलता बोलता ते समोरच्याच्या पाठीवर हलकी थाप मारत आणि क्षणभर थांबत. एवढंच. तेवढ्या क्षणात भल्याभल्यांचं बोलणं तुटत असे.

ही गोष्ट विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाच्या वर्षांतली. मी तेव्हा पेपरचा बातमीदार होतो. बातम्या ताबडतोब परभणीला कळवाव्या लागत, म्हणून आमच्या पेपरने माझ्या घरी टेलिफोन बसवून दिला होता. गल्लीत तो एकच. गंगाधररावांचा मुलगा सुधाकर कॅनडात नोकरीला होता. तो वर्षातून एकदा, दिवाळीत, माझ्या फोनवर आईवडिलांशी बोलायचा. गंगाधरराव आणि काकू तास-दोन तास आधीच येऊन खुर्च्यांवर बसत.

अशाच एका दिवाळीत गंगाधरराव फोनवर ओरडले, "मीठ? रस्त्यावर? कशापायी?"

तेवढ्यात लाइन तुटली. ते रिसीव्हर कानाला धरून तसेच उभे राहिले.

"वो पेपरवाले, तिकडं रस्त्यावर मीठ टाकत्यात म्हणं. बर्फ वितळावा म्हणून. सुध्यानं जुनी मोटार घेतलीय, तिचा तळ मिठानं गेलाय. पायाखाली रस्ता पळताना दिसायलाय म्हणतो. अन् हसायलाय!"

काकूंना वेगळीच काळजी पडली. "सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी येचावं लागतं. सगळ्या देशानं सांडलं तर कसं व्हायचं वो?"

"त्यांचं त्ये बघतील. आपल्याला मोटारीचं बघायचंय. मिठाच्या वॅगनचा पत्रा बघितला हाय मी. वरून रंग झकास, अन् हात लावला की पापडावानी मोडायचा. पुढल्या बर्फाच्या आत इलाज काढावा लागंल. न्हाईतर पोरगं खाली जाईल."

हे वाक्य त्यांनी स्टेशनवर गाडीची वेळ सांगावी तसं सांगितलं.

आधी त्यांना मोटार समजून घ्यायची होती. गावातल्या डॉक्टरांकडे एक जुनी मोटार होती. एका सकाळी डॉक्टर व्हिजिटला निघाले तर गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. पाय हलत नव्हते. डॉक्टरांनी वाकून नाडी पाहण्यासाठी घोटा धरला, तेव्हा आतून आवाज आला, "थांबा, ऐकायलोय."

"गंगाधरराव, बाहेर या. पेशंट वाट बघतोय."

"पेशंट ऱ्हाऊ द्या. ह्या गाडीत बसू नका. मागचा डावा कोपरा आतून खाल्लाय."

डॉक्टर बसले आणि गेले. संध्याकाळी सुखरूप परतही आले. मात्र कंपाउंडर त्या दिवसापासून मागे उजवीकडेच बसू लागला.

उन्हाळा लागला आणि गंगाधररावांच्या घरी रसवंतीवाला हातगाडीवरून बर्फाच्या लाद्या आणून टाकू लागला. लाद्या भुशात आणि पोत्यांत गुंडाळलेल्या असत. खडे मीठ पोत्यानं आलं. स्टेशनमागच्या भंगारवाल्याकडून पत्रे आले. मधल्या खोलीच्या खिडक्या आतून बंद झाल्या. भर दुपारी, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना, त्या खोलीच्या उंबऱ्यावरून थंड हवा बाहेर सरकत असे. आतून पत्र्यावर पत्रा वाजल्याचा बारीक आवाज येई. बाहेर तर झाडाचं पानही हललेलं नसे.

गल्लीत कुजबुज सुरू झाली. मीठ, लोखंड, तेल आणि बंद खोली. भानामतीचा शब्द कुणीतरी उच्चारलाच. रसवंतीवाल्याने अमावास्येला बर्फ पोचवायला नकार दिला. एका सकाळी त्यांच्या दाराशी कुणीतरी लिंबू ठेवून गेलं. गंगाधररावांनी ते कापलं आणि गंजावर घासून पाहिलं.

"लिंबू चालत न्हाई," त्यांनी मला रस्त्यात थांबवून सांगितलं.

काकूंची तक्रार साधी होती. "वरणात टाकायला चिमूटभर मीठ देईनात. अन् मधल्या खोलीत दोन पोती हायती."

मे महिन्यात एका दुपारी त्यांनी मला ती खोली दाखवायला नेलं. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर थोडा वेळ काहीच दिसलं नाही. मग पांढरं दिसलं. जमिनीवर खडे मीठ आणि ठेचलेला बर्फ पसरला होता, आणि त्याच्याभोवती खडूने मोटारीची आकृती काढली होती, डॉक्टरांच्या गाडीच्या मापाची. आत चार चौकोन. प्रत्येक चौकोनात विटांवर एक पत्रा. भिंतीलगत तारांना आणखी पत्रे टांगलेले होते. त्यांच्यावरून पाणी ठिबकत होतं. ठिबकणारं पाणी लाल होतं आणि मिठावर त्याचे डाग पडले होते.

पुढच्या एका चौकोनात सुधाकरच्या जुन्या चपला ठेवल्या होत्या.

"बसा," गंगाधरराव म्हणाले.

"कुठे?"

"सुध्याच्या जागी. तिथं पाट हाय."

मी बसलो. चपला बाजूला सारायचं धाडस झालं नाही. पाय त्यांच्या शेजारी ठेवले. पत्र्याची थंडी तळव्यांतून वर आली. गंगाधररावांनी खाली वाकून विटांच्या फटीतून पत्र्यावर ठोका दिला. तो माझ्या गुडघ्यापर्यंत पोचला.

"ह्याला करडीचं तेल हाय. गरम करून लावलेलं, चार हात. वाळलं की साय धरतं. ऐका, आवाज बघा कसा खणखणीत."

मग त्यांनी शेजारचा पत्रा दाखवला. काळाभोर, गुळगुळीत, सगळ्यांत देखणा.

"डांबर. अशी गाडी कुणीबी डोळे झाकून घेईल."

त्यांनी त्यावर बोट टेकवलं आणि जरा दाबलं. बोट आवाज न करता आत गेलं.

"पत्रा ओला असताना लावलं की आसं होतं," बोट बाहेर काढत ते म्हणाले. "ओल आत कोंडती. वरून कळत न्हाई."

मी उठलो. पुढे आठवडाभर चालताना माझं लक्ष पायांखाली जात होतं.

पावसाळा सरेपर्यंत त्यांचा इलाज पक्का झाला. आधी तळ गोड्या पाण्याने धुवायचा. दारांच्या खालची भोकं मोकळी ठेवायची, म्हणजे पाणी साचत नाही. दोन दिवस कोरडा होऊ द्यायचा. मग करडीचं तेल. रस्त्यात भेटेल त्याला ते हे ऐकवत, कारण दिवाळीच्या फोनवर सांगताना एकही शब्द वाया जाऊ द्यायचा नव्हता.

दिवाळीत ते आणि काकू संध्याकाळपासून माझ्याकडे येऊन बसले. फोन आला. गंगाधररावांनी घसा साफ केला.

"सुध्या, मधी बोलू नको, ऐक. आधी गोड्या पाण्यानं तळ..."

ते थांबले. पलीकडून काही सांगितलं जात होतं.

"इकली? कवा?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. इतक्या महिन्यांचा बर्फ, मीठ आणि तेल डोळ्यांसमोरून गेलं. आता ते चिडतील किंवा हसतील, असं मला वाटलं.

"कुणाला इकली?" गंगाधररावांनी विचारलं. "त्याला सांगितलंस का, तळ गेलाय म्हणून?"

पलीकडून लांबलचक उत्तर आलं.

"लाकडाची फळी टाकून वरून चटई? अन् त्यानं उचलून बघितली न्हाई? ... लेकरं हायत का त्याला? ... दोन. म्हंजी मागं बसत असतील." त्यांचा आवाज खाली आला. "सुध्या, तू नवी घेतली, चांगलं केलंस. पण त्या माणसाला गाठ. दुसऱ्या गावाला गेला असंल तर पत्ता काढ. बर्फ पडायच्या आधी जा. मागचा डावा कोपरा आधी जातो. न्हाई, नंतर जातो म्हणून सांगू नको. आईची शपथ घे. ... घेतली? ... कवा जातोस? ... रविवारी. बरं."

त्यांनी रिसीव्हर काकूंच्या हातात दिला.

"बाळा, जेवलास का?" काकू म्हणाल्या, आणि लाइन गेली. थोडा वेळ त्या नुसती घरघर ऐकत राहिल्या. मग त्यांनी दोन्ही हातांनी रिसीव्हर खाली ठेवला.

"येतो कवा म्हणला?"

"इचारलं न्हाई."

"एवढं बोललाव, अन् त्येच न्हाई इचारलं? गेल्या साली बी मोटारीचंच बोललाव. कामून वो?"

गंगाधरराव टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होते.

"इचारलं तर सांगंल की तो," ते म्हणाले. "मी इचारलं न्हाई, म्हणून त्यानं अजून न्हाई म्हणलेलं न्हाई."

काकू पुन्हा खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "लाइन पुन्हा लागंल. बसू घडीभर."

दोघे बसून राहिले. मी बातमी लिहीत होतो. बाहेर फटाके वाजत होते आणि दर आवाजाला दोघांच्या नजरा फोनकडे जात होत्या.

फोन वाजला तेव्हा दोघे एकदम उभे राहिले. परभणीच्या कार्यालयाचा होता. उद्याच्या सभेची वेळ त्यांना हवी होती. मी ती सांगू लागलो. बोलणं संपेपर्यंत दोघे उभेच होते, आणि काकू माझ्या प्रत्येक वाक्याला हळूहळू मान डोलवत होत्या.