हलकं आणि पाणीदार

"वहिनी, उद्या सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात पाऊलसुद्धा टाकायचं नाही! तुमचा उपास मी सोडवणार!"

भाऊजींनी ही घोषणा भरल्या घरात केली, तीही हातात काकडी उगारून. भाऊजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. धंदा फ्रीजदुरुस्तीचा. वहिनी त्यांना भाऊजी म्हणू लागल्या आणि बघता बघता गिऱ्हाइकंही म्हणू लागली. आता त्यांचं खरं नाव फक्त लाइटच्या बिलावर उरलं होतं.

वहिनींबद्दल त्यांना भयंकर आदर. का नसावा? बाई शहरात बस चालवते! उपासाच्या दिवशी पाण्याचा थेंब न घेता तेवढं धूड भर गर्दीतून सुईत दोरा ओवावा तसं अलगद काढते! आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून अख्ख्या घरासाठी तळण काढते. मग उभ्याउभ्याच दोन तेलकट घास पोटात ढकलते आणि दुपारपर्यंत पोट धरून बस हाकते. हे भाऊजींना बघवत नव्हतं. त्यातून उद्या डेपोतली नवी, दुप्पट लांबीची बस पहिल्यांदाच वहिनींच्या हातात मिळणार होती. साहेब स्वतः बघायला उभे राहणार होते.

"बंद पडलेला फ्रीज चालू केल्या केल्या कुणी त्यात पातेली कोंबतं का?" भाऊजींनी विचारलं. "हळूहळू घ्यायचं असतं! आधी पाणी, मग फळ, मग काहीतरी हलकं. हलकं आणि पाणीदार!"

"आणि आम्ही काय खायचं?" थोरला भाऊ म्हणाला. वहिनींचे यजमान म्हणजे हेच.

"दादा, एक दिवस तुझ्या पोटाचा विचार बाजूला ठेव!"

संध्याकाळभर भाऊजी राबले. लिंबाचं साखर-मीठ घातलेलं पाणी फडक्यातून गाळलं, पुन्हा गाळलं, इतकं की ते साध्या पाण्यासारखं नितळ दिसू लागलं. ते बाटलीत भरून टेबलावर ठेवलं. काकडी किसून दह्यात कालवली, वर पुदिना, आलं आणि पचनाला बरी म्हणून चिमूटभर मिरी. हिरवागार वाडगा फ्रीजमध्ये गेला. कलिंगडाच्या फोडी पिशवीत भरून 'जरा गार होऊ देत' म्हणून बर्फाच्या कप्प्यात टाकल्या. आणि फ्रीजवाले भाऊजी त्या तिथेच विसरले!

सकाळ उजाडली. वहिनी आंघोळीला गेल्या. भाऊजी गच्चीवर पुदिन्याची ताजी पानं खुडायला गेले. तेवढ्यात धाकटी बहीण उठली. तिचा आज ऑफिसात ओळखपत्रासाठी फोटो काढायचा होता. फ्रीज उघडला तर समोर हिरवा, गार, काकडीचा वाडगा!

"वा! वहिनीनं माझ्यासाठी लेप करून ठेवलाय!"

आणि तिनं तो कपाळापासून हनुवटीपर्यंत थापला. क्षणभर गार वाटलं. मग आलं आणि मिरी कामाला लागली.

"आई गंऽऽ! मेले! माझा चेहरा जळाला!"

आई देवासमोरून धावत आल्या. चष्मा देवापाशीच राहिला. "बर्फ! बर्फ लावा!" म्हणत त्यांनी बर्फाच्या कप्प्यात हात घातला, हाताला लागली ती पिशवी ओढली आणि लेकीच्या तोंडावर दाबून धरली. पिशवी फाटली. हिरव्या तोंडावरून लालभडक ओघळ गळ्यापर्यंत आले.

पलीकडच्या खोलीत थोरला भाऊ बायकोच्या गणवेशाला इस्त्री करत होता. भाऊजींची घोषणा ऐकल्यापासून आपणही काहीतरी करावं असं त्याला वाटत होतं. वाफेच्या इस्त्रीत पाणी नव्हतं, म्हणून त्यानं टेबलावरच्या बाटलीतलं नितळ पाणी ओतलं. किंकाळी ऐकून तो इस्त्री शर्टावर तशीच ठेवून धावला, बहिणीला पाहिलं आणि भिंतीला टेकला.

"रक्त! रक्त!!"

भाऊजी गच्चीवरून दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आले. घरात धूर! वास मात्र मिठाईच्या दुकानासारखा! साखरेचा पाक शर्टाच्या पाठीवर कढत होता. भाऊजींनी इस्त्री उचलली, तर इस्त्रीबरोबर शर्ट आणि शर्टाबरोबर टेबलावरची चादरही उठली!

इतक्यात न्हाणीघराचं दार उघडलं. वहिनी! डोक्याला टॉवेल, ओठ कोरडे, पोटात कालपासून थेंब नाही. त्यांनी एकवार सगळीकडे नजर फिरवली, बसच्या आरशातून मागचे प्रवासी बघावेत तशी.

"भाऊजी, आधी बटण बंद करा." भाऊजींनी केलं.

"आई, हे कलिंगड आहे. रक्त असं बियांसकट येत नाही."

"वन्सं, रडू नका. साधं पाणी, मग साईचं दूध. उतरेल."

"आणि तुम्ही," त्या यजमानांना म्हणाल्या, "भिंत सोडा, कोमट पाणी आणा. पाक कोमट पाण्यात सुटतो."

खरंच सुटला! फक्त पाठीवर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग तेवढा राहिला. थोरल्यानं कपाळावर हात मारला. "आज साहेब बघणार! आता काय करशील?"

"मी बस चालवते," वहिनी म्हणाल्या. "पाठ सीटला टेकलेली असते."

भाऊजी थक्क होऊन बघत राहिले. काय बाई आहे! एवढं होऊन आवाज चढला नाही! त्यांना बोलायचं होतं, पण डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि ते मटकन खाली बसले.

"अरे, हा रात्री जेवलाच नाही!" आई ओरडल्या. "काकडी किसायच्या नादात ताट तसंच राहिलं!"

वहिनींनी पेल्यात साधं पाणी ओतलं, एक घोट घेतला, उपास सुटला. मग दुसरा पेला भाऊजींच्या ओठांना लावला. "हळूहळू. घोट घोट." वितळू लागलेल्या कलिंगडाच्या फोडी ताटलीत आल्या, उरलेली काकडी चिरली गेली. दीर-भावजय जमिनीवर बसून खाऊ लागले.

"वहिनी, माफ करा हो," भाऊजी पुटपुटले. "सगळा विचका केला मी."

"लग्न होऊन आल्यापासून माझ्या उपासाच्या दुसऱ्या दिवसाचा विचार या घरात कुणी केला नव्हता," वहिनी म्हणाल्या. "पोट हलकं आहे, भाऊजी. आज गाडी छान चालणार."

ओला शर्ट अंगात घालून त्या निघाल्या. बस अशी फिरवली की साहेबांनी टाळ्या वाजवल्या, ही बातमी दुपारी फोनवरून आली. संध्याकाळी सगळे घरी जमले तरी भाऊजींची छाती फुगलेलीच होती. "बघितलंत? हलकं आणि पाणीदार!"

"बघितलं," धाकटी बहीण म्हणाली. तिचं नाक अजून टोमॅटोसारखं होतं. "आता हे ओळखपत्र बघ. निवृत्त होईपर्यंत गळ्यात घालायचंय मला!"